सेन्सरवरचं कुंकू

नेत्रा त्याला पहिल्या दिवसापासून ‘विनीतदादा’ म्हणायची आणि विनीतला ते पहिल्या दिवसापासून खटकायचं. तो सव्वीसचा, ती विसाची. त्यात वावगं काही नव्हतं. पण रोबोट टेक्निशियनच्या सहा महिन्यांच्या वर्गात दोघं एकाच बाकावर बसत, आणि त्या बाकावर दादा म्हणवून घ्यावं असं त्याला तिच्यापेक्षा जास्त काहीच येत नव्हतं.

विनीत रत्नागिरीजवळच्या पालीचा. आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन, चार वर्षं वायरमनचं काम केलेला. थोरला भाऊ मुंबईत सहा जणांच्या खोलीत राहतो; तिथला सातवा व्हायची विनीतची तयारी नव्हती. रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीत मासळी गोठवणाऱ्या एका कारखान्यात खोकी रचायला रोबोट बसणार होता. तो सांभाळायला या वर्गातून एकच माणूस घेणार होते. सकाळच्या एसटीनं निघावं आणि संध्याकाळी घरी जेवायला यावं, अशी दुसरी नोकरी त्याच्या नजरेत नव्हती.

नेत्रा केळशीची. वडिलांची होडी, आई गुणवंती मासे विकते. आईच्या बाजूला बसून फाटकी जाळी दुरुस्त करण्यात तिचं लहानपण गेलेलं. रोबोटला शिकवायचं म्हणजे पेंडंटवरची, म्हणजे जाड टॅबलेटसारख्या यंत्रावरची, बटणं दाबून पोलादी हात हवा तिथे न्यायचा आणि ती जागा नोंदवायची. विनीत बटणावर असला की तो हात खोक्याजवळ येऊन अडखळे, मागे जाई, पुन्हा येई. नेत्रा आधी नुसती बघत राही. मग हात एकदाच खाली येई आणि खोक्यावर अलगद टेके. शिकवणारे काशीराम सर पुण्याला गाड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं काढून आलेले. ते कौतुक करत नसत. तिचं काम बघून पुढच्या बाकाकडे वळत, तेवढं विनीतला झोंबायला पुरे होई.

तो तासभर आधी येऊन सराव करू लागला. वहीच्या शेवटच्या पानावर नेत्राच्या चुकांची नोंद ठेवू लागला. ऑक्टोबरपर्यंत अकरा झाल्या होत्या. स्वतःच्या त्यानं मोजल्या नव्हत्या.

परीक्षा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती. खंडेनवमीला वर्गात यंत्रांची पूजा झाली. वयानं मोठा म्हणून मान विनीतला मिळाला. त्यानं रोबोटच्या हाताला झेंडूची माळ घातली, नारळ वाढवला, कुंकू पाण्यात कालवून पेंडंटला, पॅनेलला, कन्व्हेयरच्या पट्ट्याला लावलं. पट्ट्याच्या कडेला अंगठ्याएवढा सेन्सर होता, खोकं आल्याचं रोबोटला कळवणारा. त्यालाही लावलं. मग बाकीच्यांनीही यंत्रांना कुंकू लावलं.

परीक्षेच्या दिवशी चिठ्ठ्यांत पहिलं नाव नेत्राचं निघालं. कारखान्याचा अधिकारी घड्याळ घेऊन बसला होता. तीस मिनिटांत प्रोग्राम लिहून बारा खोकी रचायची होती. अठराव्या मिनिटाला नेत्राचा प्रोग्राम तयार झाला. पट्टा सुरू झाला, खोकं समोर आलं आणि पोलादी हात हललाच नाही.

विनीत पट्ट्याच्या त्या बाजूला उभा होता. सेन्सरच्या काचेवर वाळलेलं कुंकू त्याला स्वच्छ दिसलं. ठसा त्याच्याच अंगठ्याचा होता. दुसऱ्याची परीक्षा किंवा सराव चालू असताना कुणी बोलायचं नाही, असा सरांचा नियम होता. एरवी हा नियम सगळ्यात जास्त विनीतच मोडायचा. त्या दिवशी त्यानं तो काटेकोर पाळला.

नेत्रानं प्रोग्राम दोनदा वाचला. मग पेंडंटवर इनपुटचं पान उघडलं. कुठल्या सेन्सरकडून काय कळतंय ते त्यावर छोट्या दिव्यांनी दिसतं. तिथून ती सरळ सेन्सरपाशी आली, वाकून बघितलं, ओढणीच्या टोकानं काच पुसली. क्षणभर तिनं वर विनीतकडे पाहिलं. बारावं खोकं बसलं तेव्हा एकेचाळीस मिनिटं झाली होती.

पुसलेल्या सेन्सरवर विनीतचं काम सव्वीस मिनिटांत झालं. काशीराम सर अधिकाऱ्याशी बाजूला जाऊन बराच वेळ बोलले. अधिकाऱ्यानं शेवटी घड्याळाचंच ऐकलं. विनीतनं पेढे वाटले तेव्हा नेत्रानं एक उचलला आणि म्हणाली, “चांगलं झालं, विनीतदादा.” ती दिवाळीनंतर चाकणला एका कारखान्यात लागली.

जानेवारीत, कारखान्याच्या भरल्या पाळीत, विनीतचा रोबोट थांबला. पट्ट्यावर गोठवलेल्या मासळीची खोकी साचू लागली. विनीतनं आधी सेन्सरची काच पुसली. ती स्वच्छच होती. प्रोग्राम वाचला, तोही ठीक होता. खोक्यांना पाणी सुटायला लागलं तसा सुपरवायझर रावजी येऊन शेजारी उभा राहिला. विनीतनं सरांना फोन लावला. सर एवढंच म्हणाले, “माझ्यापेक्षा नेत्राचा हात आता ताजा आहे. तिला विचार.”

नंबर त्याच्याकडे होता. पाच मिनिटं त्यानं तो लावला नाही. ती पाच मिनिटं रावजीनं मोजली.

“इनपुटचं पान उघड,” नेत्रा म्हणाली. “कुठला दिवा विझलाय?”

त्यानं आकडा सांगितला.

“हवेचा दाब. खोकं पकडणाऱ्या रबरी कपाची नळी बघ, थंडीनं तडकली असंल.”

नळी तडकलेलीच होती. दहा मिनिटांत हात पुन्हा चालू झाला. विनीतनं चालूच असलेला फोन पुन्हा कानाला लावला. आभार मानायचे होते.

“आधी काच पुसलीस ना?” तिनं विचारलं.

त्याची नजर सेन्सरकडे गेली.

“आम्ही बायका कुंकू अनामिकेनं लावतो रे दादा. परीक्षेच्या दिवशी काचेवरचा ठसा अंगठ्याचा होता.”

“तेव्हा का नाही बोललीस गो?”

“तू बोलशील म्हणून थांबले होते.”

पलीकडून यंत्रांचा आवाज येत होता, इथल्यापेक्षा मोठा. माफी मागायला ही जागा बरी होती, हे विनीतला कळत होतं. त्यानं विचारलं ते वेगळंच.

“किती रोबोट आहेत तुझ्याकडे?”

“चार,” नेत्रा म्हणाली. “मार्चपास्नं सहा.”

त्यानं फोन खिशात टाकला आणि आपल्या एकुलत्या एका रोबोटकडे बघत उभा राहिला.