समोरच्या काकू बारीक झाल्या तेव्हा

अख्ख्या वाशीत आमच्या समोरच्या काकूंइतकं बोलणारी दुसरी बाई नव्हती आणि स्वतःबद्दल इतकं कमी सांगणारीही नव्हती. ऐंशीनंतरची ती वर्षं. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या सोळा घरांच्या इमारतीत पाचच घरांत माणसं होती. काका तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर, माझे हे ऑफिसात. दुपारी खाडीवरचा वारा रिकाम्या घरांच्या खिडक्या आपटत फिरायचा. अशा वेळी काकूंचा आवाज हाच काय तो आधार. अंगानं त्या इतक्या भरलेल्या, की आमच्या दारातून जरा तिरप्या होऊन आत यायच्या. माझ्याकडे पोहे खाऊन घरी जायच्या आणि पुन्हा पोहे करायला घ्यायच्या. "इथल्या वाऱ्यानं भूक लागते गं," म्हणायच्या. वारा तर मलाही लागत होता!

बाळंतपणाला मी साताऱ्याला गेले. सात महिन्यांनी परत येऊन समोरचं दार वाजवलं, तर एका हडकुळ्या बाईनं उघडलं. अंगावर काकूंची साडी, गळ्यात काकूंचं मंगळसूत्र. माझ्या कडेवरची मुलगी किंचाळून रडायला लागली. "अगं, मीच! आत ये ना," असा काकूंचा आवाज त्या अनोळखी तोंडातून आला. घणसोलीहून मासळी घेऊन येणारी बाई तर जिनाच चढेना. "त्या घरान मोठी बाय व्हती, ती कुठं गेली? ही कोन हाय?" बाकीच्या बायका मात्र कौतुक करत होत्या. काकू चार-चार बोटं आत घेतलेले ब्लाउज सगळ्यांना दाखवत होत्या.

आणखी एक गोष्ट बदलली होती. बोलता बोलता त्या मध्येच थांबायच्या. नजर माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी, ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलायचे. मी वळून बघायचे, तर मागे फक्त रिकाम्या घराचं कुलूप. मिनिटभरानं त्या तेच वाक्य पहिल्यापासून सुरू करायच्या.

"काकू, कोण होतं?"

"कुठे?" त्याच मला विचारायच्या.

संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं. "किती सडपातळ झालात!" असं कुणीतरी म्हणालं. तिळगुळाला पुढे केलेला काकूंचा हात हवेतच थांबला. त्यांनी माझ्या मागे पाहिलं. मग त्यांच्या घशातून त्यांचा नसलेला आवाज निघाला आणि त्या कोसळल्या. हातपाय झटके देऊ लागले. "अंगात आलं!" दोघी पाया पडल्या. एकीनं तर हात जोडून, पाण्याचा प्रश्न कधी सुटेल, हेही विचारून घेतलं. माझे वडील दवाखान्यात कंपाउंडर होते, म्हणून मला एवढं ठाऊक होतं. मी आजूबाजूचं सामान सरकवलं, झटके थांबल्यावर त्यांना कुशीवर वळवलं आणि बसून राहिले.

सगळ्या गेल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "लहानपणापासून फिट येते मला. ह्यांच्याशिवाय कुणाला माहीत नाही. गोळीनं फिट थांबली, पण अंग सुटलं. माहेरच्या लग्नात सगळे हसले गं. तू गेलीस आणि मी गोळ्या संडासात टाकायला लागले."

"आणि काका?"

"त्यांना वाटलं, उपास करते."

"अहो, मेला असतात!"

"मेले असते, पण बारीक!" त्या हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मुंबईच्या डॉक्टरांकडे गेलो. ते चिडलेच. "वजन वाढतंय तर मला सांगायचं होतंत. गोळी बदलून बघता येते. अशी एकदम बंद करायची नसते!" बदललेली गोळी काकूंना सोसेना, अंगभर पुरळ उठलं. शेवटी जुनीच, जरा कमी करून, सुरू झाली. दिवाळीपर्यंत काकू पुन्हा भरल्या. आता कुणी टोकलं, की त्या स्वतःच सांगायच्या, "फिटची गोळी घेते मी. तिचं वजन आहे हे."

पुढे काकांनी नेरूळला घर घेतलं. टेम्पोत सामान चढत होतं. काकूंनी मला जवळ घेतलं. मीही त्यांना मिठी मारली, पण त्यांच्या पाठीमागे माझे हात एकमेकांपर्यंत पोचेनात.

"घट्ट धर गं," त्या म्हणाल्या.

जेवढं पुरलं, तेवढं धरलं.