भजनात आलेले पावणे

दुपारी जेवणं झाली की राजारामपुरीतला आमचा फ्लॅट अर्ध्या झोपेत जातो. खाली एखादी रिक्षा थांबते, कुणीतरी दुकानाचं शटर अर्धं ओढतं, पंखा आपल्या लयीत कुरकुरत राहतो. माझे क्लास संध्याकाळचे, त्यामुळे ही वेळ आईची आणि माझी. ती पलंगावर कुशीवर पडते, मी उशाशी लॅपटॉप लावून देते आणि आबांचं भजन सुरू होतं.

आबा, माझे वडील, गेल्यावर त्यांचा आवाज म्हणून आमच्याकडं एवढंच उरलं. मुरगूडच्या देवळात भजनी मंडळासोबत ते गात होते, तेव्हा कुणीतरी मोबाइलवर घेऊन साइटवर टाकलेला हा एकच व्हिडिओ. मी पेनड्राइव्हवर उतरवून देते म्हटलं, तर आई म्हणाली, "ट्रंकेत कोंडल्यागत हुतंय ते. तितं च्यार माणसं ऐकत्यात की."

आबांचा आवाज लागला की खोलीच्या भिंती मागं सरतात. मला देवळातल्या ओल्या फरशीचा गारवा जाणवतो. डोळे मिटलेली आई मधूनच "हं" म्हणते, आबांनी पलीकडच्या खोलीतून काही विचारल्यासारखं. त्या "हं"साठी मी वाट्टेल ते केलं असतं. भजन संपलं की मात्र ती उठते, केस सारखे करते आणि दिवेलागणीपर्यंत फारसं बोलत नाही.

म्हणून तर जाहिराती अडवणारं साधन मी ब्राउझरला बसवलं होतं. आबांनी तान घ्यावी आणि मध्येच कुणीतरी दात घासायला शिकवावं, हे मला सोसणारं नव्हतं. माझा राग कायम नाकावर, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

एके दुपारी भजन लागलंच नाही. साइटनं पाटी लावली होती: साधन बंद करा, नाहीतर व्हिडिओ दिसणार नाही. मी दुसरं साधन शोधलं. ते थोडे दिवस चाललं, मग पुन्हा पाटी. शेरास सव्वाशेर. दरमहा पैसे भरले तर जाहिराती बंद होतात म्हटल्यावर आई उखडली, "ह्यांचं भजन ऐकाय भाडं भरायचं व्हय?" शेवटी मी हात टेकले आणि साधन काढून टाकलं.

दुसऱ्याच चरणात घात झाला. आबांचा आवाज वर चढला आणि मध्येच टपकला एक गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस, हातात रंगाचा डबा घेऊन, "नमस्कार" म्हणत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज बंद करायला मी झडप घातली, तर आईनं डोळे न उघडताच माझा हात धरला.

"असूं दे. पावणं आल्यात."

आमच्याकडं अनोळखी माणूस म्हणजे पावणं, हे खरं. पण जाहिरातीतलाही? मला हसू आलं. तो माणूस गेला तशी ती म्हणाली, "आता मागं घे. चरण पयल्यापास्नं लाव."

मला उमगेना, तेव्हा तिनंच सांगितलं. देवळात भजन रंगात असताना कुणी परगावचा माणूस दारात आला, की आबा टाळ थांबवायचे, सरकून त्याला जागा करून द्यायचे आणि तो टेकला की चालू चरण पुन्हा पहिल्यापासून उचलायचे. पावण्यानं अर्धं ऐकून कसं भागेल, असं म्हणायचे. मंडळातली माणसं वैतागायची, पण रीत मोडली नाही.

तेव्हापासून आमच्याकडंही तसंच चाललंय. रंगवाला येतो, मोटारवाला येतो, आई झोपेतच "या, बसा" म्हणते. तो गेला की मी चरण मागं घेते आणि आबा तीच ओळ पुन्हा गातात. पडद्याच्या फटीतलं ऊन फरशीवरून सरकत जातं आणि मला क्लासची आठवणही राहत नाही.

तरी परवा न राहवून मी म्हटलंच, "आई, आणखी एक साधन निघालंय म्हणे. बसवू का? एकही पावणा यायचा नाही. सलग ऐकशील."

ती कूस बदलून भिंतीकडं तोंड करून पडली. मला वाटलं, डोळा लागला.

"नगं," ती म्हणाली. "सलग ऐकलं की लौकर संपतंय गं."