लिन्केल बेटावरचा शेवटचा धूर

चिलीच्या दक्षिणेला, आमच्या चिलोएच्या बेटांत, बेट सोडणारा माणूस घर मागे ठेवत नाही. घराखाली ओंडके सारायचे, बैल जुंपायचे, भरतीला पाण्यात लोटायचं आणि होड्यांनी ओढत पलीकडे न्यायचं. याला मिंगा म्हणतात. मजुरी कोणी घेत नाही. ज्याचं घर, त्यानं पोटभर जेवू घालायचं.

लिन्केल बेट असंच रिकामं झालं. आधी शाळा बंद पडली, मग लेकुरवाळी घरं गेली, मग उरलेली. शेवटचं घर दोन्या एर्सिलियाचं, म्हणजे एर्सिलियाबाईंचं. गुडघे गेले, होडीत चढवेना, म्हणून लेकीनं घर इकडे आणायचा हट्टच धरला.

घर पाण्यात असताना प्रवाहानं गर्रकन फिरलं. ओहोटी लागायच्या आत वर घ्यायचं होतं, म्हणून आलं तसंच बसवलं. दार रस्त्याकडे, पाठ बेटाकडे. पाठच्या भिंतीला खिडकी नाही.

"नशीब काढलंत, दोन्या! बस दारात थांबेल!" आम्ही ओरडलो. ती हसली आणि शिंपले, बटाटे वाढत राहिली. फुकट राबलेल्यांना नावं कशी ठेवणार?

मी शेजारीच राहतो. रोज बघायचो, तर बाई घरामागे लाकडं फोडायच्या ओंडक्यावर पावसात बसलेली.

"आत चूल पेटलीय आणि तुम्ही इथे भिजताय?"

"चुलीला लाकडं लागतात, रोसामेल. मी नाही लागत."

मला राहवलं नाही. करवत आणली आणि भिंतीत खिडकी पाडून दिली. तिनं काच पुसली, बराच वेळ पाहिलं.

"धूर कुठेच नाही रे."

"कसा असेल? शेवटचा धूर तुमचाच होता."

"आउरेलियो त्या धुराच्या रोखानंच समुद्रावरून घरी यायचा. एकदा आला नाही. तरी मी चूल विझू दिली नाही. आता तो बघेल कुठे?"

तिच्या नवऱ्याला बुडून जमाना झाला होता. दुसऱ्या दिवशी होडी काढली. तिच्या घराच्या जागी गवत नसलेला चौकोन तेवढा उरला होता. तिथे जाळ केला आणि धूर वर चढेपर्यंत फुंकत बसलो. माझंच मन भरून आलं.

परतलो तर ती खिडकीतच होती. डोळे लाल.

"ओली लाकडं जाळलीस ना? माझ्या घरातून असला लोळणारा धूर कधी निघाला नव्हता. माणूस वाट चुकायचा!"

मी निघालो, तर दारात सुक्या लाकडांची मोळी बांधून ठेवलेली होती.

"उद्या ही ने," ती म्हणाली.