स्मिताच्या मापाचं पॅडल

आमचं शेवटचं मोठं भांडण एका वल्ह्यावरून झालं.

माझी बायको, स्मिता. आज तिला जाऊन वर्ष झालं.

रिटायर झाल्यावर लोक योगा लावतात, भजनी मंडळ लावतात. हिने ड्रॅगन बोट लावली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लांबलचक, अरुंद होडी. दोन-दोनच्या जोडीने वीस जण वल्हवतात, पुढे एक जण ड्रम वाजवतो, आणि त्या ठेक्यावर सगळ्यांची पॅडल्स एकदम पाण्यात पडायला हवीत. एक जण जरी चुकला तरी अख्खी होडी धक्के खाते.

चुकायची ती स्मिता.

भांडुपच्या वैशालीने, तिच्या मैत्रिणीने, तिला या नादाला लावलं. दर रविवारी सकाळी पवई तलाव. मी मुलुंडहून गाडीने सोडायचो आणि काठावर पेपर वाचत बसायचो.

तिथून कोचचं भोंग्यावरचं ओरडणं ऐकू यायचं. "स्मिताताई, लेट!"

परत. "लेट!"

शेवटी तिला सगळ्यात मागच्या बाकावर टाकलं. घरी आली की खांद्याला बाम चोळत बसायची.

"सोड ना यार. या वयात कशाला?"

"गप रव रे तू." रागावली की तिच्या माहेरचं देवगड बाहेर यायचं.

मग एका रविवारी कोचने तिला बाजूला घेतलं. "ताई, प्रॉब्लेम तुमचा नाही, पॅडलचा आहे."

क्लबची पॅडल्स लाकडी, जड, सगळी एकाच लांबीची. स्मिता पाच फुटांच्या आत. तिचा वरचा हात पार डोक्याच्या वर जायचा. ती पातं बाहेर काढेपर्यंत बाकीच्यांचा पुढचा स्ट्रोक सुरू!

"स्वतःचं कार्बन फायबरचं घ्या. हलकं असतं, आणि दांडा हवा तेवढा कापून मिळतो."

झालं. मी कामाला लागलो. सापडले तेवढे व्हिडिओ बघितले. आयुष्यात कधी वल्हं हातात धरलं नव्हतं, पण मला यातलं सगळं कळतं असं वाटायला लागलं.

कांजूरमार्गला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक गाळा आहे. मालक चाळिशीतला, स्वतः रेसिंग करणारा. भिंतीला टेकवून ठेवलेली काळीभोर पॅडल्स.

मी सरळ सगळ्यात ताठ रेसिंगवालं उचललं. "हे घे. एकदम टॉपचं आहे."

तिने पातं जमिनीला टेकवलं आणि दांड्यावर भार दिला. "हे जरासुद्धा वाकत नाही. सगळा मार माझ्या खांद्यात येणार."

"मॅडम बरोबर बोलतायत," मालक म्हणाला आणि दुसरं, थोडं लवचीक पॅडल पुढे केलं.

"अगं, घ्यायचंच तर चांगलं घे ना."

"चांगलं कोणासाठी?"



मालकाने तिला स्टुलावर बसवलं, पॅडल उभं धरून माप घेतलं, दांड्यावर खूण केली. खूण बरीच खाली आली. मला राहवेना. "एवढं नका कापू हो. थोडं राहू द्या. उद्या हिने सोडलं तर कोणाला विकता तरी येईल."

स्मिता स्टुलावरून उठली.

"आपला ओटा तुझ्या आईच्या उंचीचा. मी इतकी वर्षं चवड्यांवर उभी राहून पोळ्या लाटल्या. ऑफिसात खुर्चीवर बसले की पाय लोंबायचे, खाली फायलींचा गठ्ठा ठेवायचे. स्कूटर शिकले नाही, कारण ती तुझ्या मापाची होती. एक वस्तू माझ्या मापाची होतेय, विलास. आणि तू ती विकायच्या गोष्टी करतोस?"

तेही परक्या माणसासमोर. बिचारा करवत हातात धरून उभा.

"मॅडम, एकदा कापलं की वाढवता येत नाही."

"कापा."

काळी बारीक भुकटी उडत होती. तिने ओढणी नाकाला लावली, पण नजर हलवली नाही.

गाडीत पॅडल गुडघ्यांमध्ये उभं धरून बसली. भांडुप येईपर्यंत दांड्याच्या कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवत होती. मग म्हणाली, "भूक लागली."

आम्ही मिसळ खाल्ली. भांडण मिटलं.

जादूबिदू काही झाली नाही. अख्खा हिवाळा गेला. पण 'लेट' हळूहळू कमी झालं, मग बंदच झालं. कोच तिला एक-एक बाक पुढे सरकवत गेले आणि शेवटी पहिल्या बाकावर बसवलं. पहिल्या बाकाचा ठेका मागचे सगळे धरतात.

बाहेरगावी एका रेसमध्ये टीम चौथी आली. मेडल पहिल्या तिघांनाच. हिने मात्र देवगडात घरोघरी फोन करून असं सांगितलं, जणू गोल्डच मिळालंय!

त्यानंतर पोटदुखी सुरू झाली. तपासण्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर. डॉक्टरांनी फार आशा दाखवली नाही, आणि तिनेही फार प्रश्न विचारले नाहीत.

शेवटच्या आठवड्यात नर्सने सहज विचारलं, "काकू, तुम्ही काय करायचात?"

मी उत्तर देणार होतो, रिटायर्ड म्हणून.

"करायचे नाही गं, करते," स्मिता म्हणाली. "पॅडलिंग करते."



आज पहाटे वैशालीचा फोन आला. "भावोजी, या. आज काठावर नाही बसायचं."

लाइफ जॅकेट माझ्या पोटावर धड बसेना. दोघी-तिघींनी ओढून बसवलं आणि हसल्या. मीही हसलो. मग तलावाच्या मध्यावर ड्रम थांबला. सगळ्यांनी पॅडल्स वर उचलली. पात्यांवरून पाणी ठिबकत होतं, बाकी आवाज नाही.

मी काठाकडे पाहिलं. माझी पेपर वाचायची जागा शोधावी लागली, इतकी लांब.

इतके रविवार मला वाटायचं, मी हिच्यावर लक्ष ठेवून बसलोय. तिथून हाक मारली असती तरी तिला इथे ऐकू आली नसती. ती इथे तिची तिची मजेत होती.

बरं वाटलं.

स्मिता, आठवण येते गं. फार येते.