कपाटावरची झेंडूची माळ

तिचं नाव लिहिणार नाही, कायदा आहे. दिवस लिहिते. अणशी गावाकडच्या त्या बाईवर बलात्कार झाला तो गेल्या सुगीच्या पहिल्या सोमवारी, भर दुपारी. डॉक्टरांनी घेतलेले नमुने सीलबंद खोक्यातून तालुक्याच्या कचेरीच्या कपाटात गेले, ते अजून तिथंच आहेत. तपासणी नाही म्हणून खटला अडलाय. आरोपी जामिनावर तिच्याच वाटेनं फिरतो.

अशी रखडलेली खोकी प्रयोगशाळेत पाठवायला सरकारी अनुदान आलंय. तिच्यासाठी मी दर आठवड्याला कचेरीत जाते, तेव्हा ते सांभाळणारे कारकून भेटतात. माणूस वाईट न्हाई. खोक्यांवरची धूळ स्वतःच्या रुमालानं पुसतात. चहा पाजतात. प्रत्येक बोलणं ‘बघूया की’वर संपवतात.

नवरात्रातल्या आयुधपूजेला त्यांनी त्या कपाटाला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मी तडकले.

“अण्णा, खोकी पाठवायची सोडून पूजा कसली करताय?”

“सगळी एकदम पाठवायची हायत, अक्का. दुसऱ्या दोन खोक्यांच्या कागदांवर सह्या न्हाईत. ऑडिटात शेरा आला, तर माझी पेन्शन तू देणार व्हय?”

“तिच्या कागदावर हाय न्हवं सही?”

“हाय.”

मग कपाट उघडून त्यांनी माळेतलं एक फूल तिच्या खोक्यावर ठेवलं. नंबर शोधावा लागला नाही. म्हणजे ते रोज बघतात. त्या फुलापायी मला अजून झोप नाही.

तुम्ही येत्या सोमवारी कचेरीत या. चहा घेऊ नका. तिचं खोकं आजच पाठवा म्हणा आणि पोचपावती हातात पडेपर्यंत उठू नका.