लाल हातपंप आणि नदीतलं रेडॉन

मंडळी, आज पाण्याचे नमुने तपासून परत आले.

देवळीजवळच्या एका गावात हातपंपाच्या पाण्यात नायट्रेट फार, म्हणून पंपाला 'पिऊ नका' या खुणेचा लाल रंग मारलाय. तेव्हापासून तिथल्या कुंताबाई नदीच्या वाळूत झिरा, म्हणजे पाझराचा खड्डा, खणून पाणी भरतात.

आज तिथलं रेडॉन मोजलं. हा किरणोत्सारी वायू जमिनीत आपोआप तयार होतो आणि उघड्या पाण्यातून लवकर उडून जातो. नदीत तो भरपूर निघाला, म्हणजे उन्हाळ्यात नदीला पाणी त्याच जमिनीतून येतंय. झिऱ्यात नायट्रेटही पंपाइतकंच.

कुंताबाईंना सांगितलं.

"म्हंजे पंपाचंच पाणी मी एवढ्या लांबून आणून राह्यली? मंग आता नदीलेई लाल रंग मारता का, मॅडम?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी झिऱ्यावर भरलेली तीच पाण्याची गुंडी डोक्यावर घेतली. घरी दुसरं पाणी नव्हतं.

तुम्ही काय सांगितलं असतं?