अक्काच्या जाड शेवया

आधी हे सांगते, मग बाकीचं! माझ्या लग्नाच्या शेवया मी आठ दिवस अडवून धरल्या होत्या.

आमच्या धरणगावच्या घरी शेवया वळायची ती अक्काच, माझी मोठी बहीण. ती तिरप्या पाटावर कणकेची तार वळायची अन् खाली बसून मी ती हलकेच ओढत झेलायची. केसासारखी बारीक! पण अक्का आता पिंपळनेरला सासरी, त्यात तिला आठवा महिना. तरी माझा हट्ट, अक्का आल्याशिवाय पाट मांडायचाच नाही.

शेवटी शेजारच्या काकू हसत म्हणाल्या, "अक्का नही ते मी शे ना! लगीन काय पुढल्या साली करशी?"

मी तोंड फुगवून झेलायला बसले. "काकू, ही शेवई का सुतळी?"

"तू ओढ तर खरी!"

दुसऱ्या दिवशी अक्काच्या गावचा गाडीवान तिचं गाठोडं घेऊन आला. माझ्यासाठी तिनं एकटीनं वळलेल्या शेवया! घाईघाईनं गाठ सोडली आणि बघतच राहिले. काकूंच्यापेक्षाही जाड होत्या हो! तिकडे तिच्या पाटाखाली झेलायला मी कुठे होते?

डोळे पुसले, काकूंसमोर नीट बसले आणि हलक्या हातानं ओढू लागले. तार बारीक होत गेली.

अक्काच्या शेवया मात्र मी लग्नात शिजवू दिल्या नाहीत. सासरी आणल्या, अजून डब्यात आहेत. तुम्हीही कधी कोणाची जागा अशी राखून बसला होतात का हो?